कोपरावरचा डोंगर

दुर्गाघाट, काशी
चैत्र शुद्ध दशमी, शके १८५७

ती. नीलूदादास,

शरदिनीचा साष्टांग नमस्कार. आईने गच्चीभर कुरडया पसरल्यात, लोटांगणाला जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घे.

आम्ही सगळे खुशाल. रामनगरच्या रेतीतली काकडी बाजारात आली. आईचे गुडघे आहेत तसेच. इंदूरला तुझ्या शाळेतली पोरं चित्रं काढतात, की नुसती एकमेकांची तोंडं रंगवतात?

माझं म्हणशील तर परवा शेवटचा पेपर झाला. झ्याक गेला! हा पेपर मी देणार नव्हते, म्हणजे अप्पा देऊ देणार नव्हते. आता नीट सांगते.

कलेचा इतिहास घेतलेल्या आम्ही चौघी. कॉलेज कसलं, आंब्याच्या बागेतला बंगला. घंटासुद्धा माळीच वाजवतो. पण चैन आहे रे! घोड्याच्या एक्क्याने सारनाथला जायचं, दगडापुढे बसायचं आणि आमच्या बागचीबाई विचारणार, "क्या दिखता है? जो सुना है वह नहीं, जो दिखता है।"

माघात बाईंनी घराजवळच्या मूर्तीवर निबंध लिहायला सांगितला. मी आपल्या गल्लीतला, अप्पांच्या पूजेतला मारुती घेतला. आता तू ताडकन उठला असशील. बस खाली.

मी लिहिलं की, शेंदराच्या थरांखाली आहे तो मारुती नव्हे, वराह असावा. पाय उचललेला, तोंड वर, इथवर दोघं सारखेच. पण गल्ली ज्याला द्रोणागिरी म्हणते तो उंचवटा डाव्या कोपरावर आहे, वराहाची पृथ्वी बसते तिथे. आणि पुढे लिहिलं, "माझे बंधू नीलकंठ म्हणत, डोंगर कोपरावर कोण घेतो? डोंगर तळहातावर घेतात."

बाई इतक्या खूश झाल्या की अप्पांचं अभिनंदन करायला थेट घरी! निबंध त्यांनी अप्पांना मोठ्याने हिंदीत समजावून सांगितला, तुझ्या नावासकट. त्या पायरी उतरतात न उतरतात तोच अप्पा कडाडले, "हेच बोलून एक गेला. आता हिचं कॉलेज बंद."

मी रडले, जेवले नाही, भांडलेसुद्धा. म्हटलं, शेंदराचं कवच काढून बघू या. तर म्हणे, "देव सोडील तेव्हा सोडील, तू कोण?" परीक्षा तोंडावर आलेली आणि मी घरात वाती वळत बसलेली.

दादा, अप्पांनी तुला मारुतीच्या पायरीवर थोबाडीत मारली ती मी पाहिली होती. परकर मुठीत धरून सीताकाकूंच्या दाराआड उभी होते. सगळी गल्ली बघत होती. तू पिशवी घेतलीस आणि स्टेशनाकडे चालू लागलास. मी हे तुला कधी लिहिलं नाही, कारण पत्रं अप्पा वाचतात. हेही वाचतील. वाचू देत.

पाडव्याला सकाळी अप्पा देवाला तेल घालत होते. आई गुढीला कडुनिंब बांधत होती, तेवढ्यात गल्लीतून अप्पांची हाक आली, "शरे! शरे, इकडे ये!" मी ओल्या केसांनी धावले. शेंदराचं कवच खांद्यापासून पायापर्यंत एका तुकड्यात सुटून अप्पांच्या पुढ्यात पडलं होतं. आत काळाभोर दगड. अप्पांनी समई उचलून मूर्तीजवळ धरली.

"कोण आहे हा? मोठ्याने सांग," म्हणाले.

त्यांना काय दिसत नव्हतं? जन्म पूजेत गेलाय. पण गल्ली गोळा झालेली, म्हणून मला विचारलं. मी ओरडलेच, "वराह! आणि कोपरावर पृथ्वी बसलीये!" खरंच बसलीये रे. अंगठ्याएवढी बाई, एक हात त्याच्या मुस्कटावर ठेवून, अगदी निर्धास्त. मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं.

अप्पांनी समई खाली ठेवली. मग वळून सगळ्यांना म्हणाले, "नीलूने सांगितलं होतं." तिथेच, त्याच पायरीवर, जिथे तुला मारलं.

कवच गंगेत सोडलं. दुसऱ्या दिवशी अप्पा मला स्वतः एक्क्याने कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडून आले. आता बागचीबाई मुली घेऊन आल्या की तेच पुढे होतात, "बिटिया लोग, इधर देखिए, कोहनी पर!" बाईंना बोलायला जागाच ठेवत नाहीत.

सीताकाकू म्हणाल्या, वराह तर वराह, पण पौर्णिमेला जयंती आहे, शेंदूर केव्हा चढवणार? अप्पा म्हणाले, "पिढ्यानपिढ्या मारुती म्हणून हाक मारली, तो ओ देत आला. शेंदूर चढेल. पण नीलू येऊन त्याचं चित्र काढीपर्यंत नाही. यंदाची जयंती बिनशेंदराची." गल्लीत केवढी ओरड! अप्पा ढिम्म.

दादा, कागद-पेन्सिल घे आणि गाडीत बस. मी पास होणार, पैज लाव. पण तू त्या पायरीवर बसून चित्र काढतोयस, हे सगळ्या गल्लीने बघितलं की मगच मी पेढे वाटीन.

तुझी,
शरी

अप्पा आत्ता येऊन पत्र वाचून गेले. एक अक्षर खोडलं नाही. म्हणाले, खाली चार बोटं जागा सोड. सोडली आहे.

चि. नीलकंठ यास अनेक आशीर्वाद. तो डोंगर नव्हता. निघून यावे.
— अप्पा