लाल रेघेच्या वरचं पाणी

मालवण, शुक्रवार

अतहरभाई,

तुमच्या बहिणीचा नवरा मेहबूब याचा तुम्हाला सलाम, भाभींना सलाम, आणि रेडीच्या घरात सध्या आणखी जे कोणी मुक्कामाला असेल त्यालाही सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? भाभींची साखर आटोक्यात आहे ना? आंब्याची कलमं यंदा बरी धरली का? (रीत म्हणून विचारतोय, गुडघ्याचं मात्र खरंच विचारतोय.) मोबाइल असताना ह्याने पत्र का धाडलं असं तुम्हाला वाटेल. तर भाई, मी तुमच्या नंबरावर चार वेळा फोन केला. चारही वेळा तो सुरैय्याने उचलला आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवला. तेहतीस वर्षं माझा संसार केलेल्या बाईला माझा आवाज ओळखता आला नसेल, असं मला वाटत नाही. पोस्टमन तरी पत्र तुमच्या हातात देईल.

ती तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच. आता माझीही ऐका, कारण तुमच्यासारखा एवढी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस एका बाजूवर निकाल देणार नाही, अशी माझी खात्री आहे.

माशांची काचेची टाकी मी निवृत्त झाल्यावर तारकर्लीच्या एका लॉजवाल्याकडून आणली, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुरैय्याने त्याच दिवशी सांगितलं होतं, "मासे रांधूचे आसतत, पाळूचे नाय." मी ऐकलं नाही. किनाऱ्यावरच्या खडपातल्या डबक्यातले पट्ट्यापट्ट्यांचे तीन मासे आणले, आणि त्यांच्यासाठी स्कूटरवरून कॅन बांधून तारकर्लीहून समुद्राचं पाणी आणू लागलो. (आमच्या दारासमोरही समुद्रच आहे, पण बंदरातल्या पाण्याला होड्यांच्या डिझेलचा वास. रस्त्यात ओळखीचे भेटत आणि समुद्र कुठे हलवताय म्हणून विचारत. मी हसून पुढे जात असे, दुसरं काय करणार.) नावं ठेवणारी सुरैय्याच रोज अकरा वाजता मासळी साफ करताना कोलंबीचा एक तुकडा बाजूला काढायची आणि पदराआड धरून टाकीत टाकायची. मला दिसत नाही असं तिला वाटायचं.

मग मला सम्प करायचं वेड लागलं. सम्प म्हणजे टाकीच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी: वरचं पाणी नळीतून खाली येतं, गाळलं जातं, आणि पंप ते पाइपातून पुन्हा वर चढवतो. विकत कशाला घ्यायचा? मी बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं पंप चालवलेत. जुनी बर्फाची पेटी आणली, पाइप जोडले, सगळं स्वतःच्या हाताने. ईदला तुम्ही आलात, चष्मा लावून खाली वाकलात (गुडघा तेव्हाच दुखावला का हो?) आणि म्हणालात, मेहबूब, ही वक्रनलिका आहे. लाईट गेली की पंप थांबेल, पाणी थांबणार नाही. ज्या पाइपातून वर चढतं त्याच पाइपातून ते उलटं खाली येईल, वरच्या टाकीतलं पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. त्यासाठी तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाड, म्हणजे हवा शिरून ओढ तुटेल. आणि भोकावर विसंबू नको, पेटीत जागा रिकामी ठेव. मग हिशेब करून तुम्ही पेटीच्या आत लाल मार्करने रेघ मारलीत आणि बजावलंत की पाणी हिच्या वर जाता कामा नये. सुरैय्या तेव्हा शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. हे पुढे महत्त्वाचं आहे.

आता त्या सोमवारचं सांगतो. दर मे महिन्यात सुरैय्या दोन घरांचा वर्षाचा मसाला करते, आपला आणि तुमचा. आठ दिवस मिरच्या गच्चीवर वाळवणं, देठं खुडणं, भाजणं. ह्या वेळी तिच्या हातांची इतकी आग होत होती की खोबरेल लावून ती हात पंख्याखाली धरून बसायची. सकाळी डंकावरून मसाला कुटून आणला. गरम होता, म्हणून निवायला बाहेरच्या खोलीत, टाकीच्या समोरच, धुतलेल्या चादरीवर पसरला आणि बरणीत टाकायचे हिंगाचे खडे आणायला ती शेजारी रुमानाकडे गेली. मी बाजूच्या खाटेवर आडवा झालो. दीडला लाईट गेली. कारखान्यात कंप्रेसर बंद पडला की शांततेने मला जाग येत असे. ती सवय निवृत्तीबरोबर गेली असावी.

मला जाग आली ती सुरैय्याच्या हातातली हिंगाची पुडी पडल्याच्या आवाजाने. पेटी काठोकाठ भरून वाहिली होती, आणि खाऱ्या पाण्यात दोन घरांचा मसाला भिजून लाल रस्सा झाला होता. रुमाना मागोमाग आली होती. ती म्हणाली, "आता वरचे मासे ह्याच्यात घाला आणि गॅस पेटवा, कालवण तयार आसा." ती बिचारी ताण हलका करायला बोलली. कोणी हसलं नाही. तेवढ्यात लाईट आली, पंप सुरू झाला, पाणी वर चढलं आणि पेटीतलं पाणी तुमच्या रेघेवर बरोबर येऊन थांबलं. भाई, काय तुमचा हिशेब! एक बोटसुद्धा इकडे तिकडे नाही. म्हणजे जमिनीवर सांडलं तेवढं, बरोबर एक कॅन पाणी, कोणीतरी आदल्या दिवशी रेघेच्या वर ओतलं होतं.

घरात माणसं दोन. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी, त्यामुळे संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या आत घरातलं एकूणएक भांडं काठोकाठ भरायचं ही सुरैय्याची जुनी खोड. तिला अर्धी रिकामी पेटी बघवली नसणार. मी रुमानासमोर तसं म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो. सुरैय्या एवढंच बोलली, "मी त्या पेटयेक हात लावूक नाय." मग तिने चादर चार टोकांनी उचलून अंगणात उपडी केली, फरशी तीन पाण्यांनी पुसली, हिंगाची पुडी फळीवर ठेवली आणि चारच्या एसटीने तुमच्याकडे आली.

तुम्ही मोठे आहात. तिला समजावून सांगा. तिने चूक कबूल केली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही, असा माझा शब्द आहे. इथे सगळं ठीक आहे. घर मोठं वाटतं, एवढंच.

तुमचा,
मेहबूब

ता. क. पाइपाच्या भोकाचं सांगायचं राहिलं. भोक मी पाडलं होतं, तुम्ही म्हणालात तसंच. पण त्यातून पाण्याची बारीक चिळकांडी टाकीतल्या पाण्याच्या वर उडायची आणि चुरचुर आवाज यायचा. दुपारी झोप लागेना, म्हणून मी ते मेणबत्तीच्या मेणाने बुजवलं. याचा सुरैय्याशी संबंध नाही.

ता. क. दुसरा. कॅनसुद्धा मीच ओतला. रविवारी, ऊन उतरल्यावर. शेवटचा कॅन उरला होता आणि पेटी अर्धी दिसत होती. भांडी भरून ठेवायची खोड माझ्या आईची, सुरैय्या ती आमच्या घरात येऊन शिकली. तिने रेघ पाळली, मी नाही. सोमवारी ओरडताना मला हे आठवत नव्हतं असं लिहिणार होतो, पण आठवत होतं. दुसऱ्या बाईसमोर मी तिच्यावर खोटा आळ घेतला, ह्याची मला फार लाज वाटते. रुमानाला मी काल जाऊन खरं सांगितलं. आता तुम्ही एवढंच करा: पत्राचा वरचा भाग वाचू नका, हा तुकडा मात्र भाभी समोर असताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचा. सुरैय्या ऐकत नाही असं दाखवेल. तरी वाचा.

ता. क. तिसरा. बेडगी मिरच्या आणल्यात. गच्चीवर बसून मी देठं खुडतोय. हातांची आग म्हणजे काय ते कळलं. धणे किती घालायचे ते मात्र माहीत नाही.

ता. क. चौथा. तिला सांगा, मोठा मासा रोज अकराला कोपऱ्यात येऊन उभा राहतो आणि माझ्या हातची कोलंबी खात नाही. त्याच्यासाठी तरी ये म्हणावं.

ता. क. शेवटचा. वरचं माशाचं खोटं आहे, ते वाचू नका. मासा दोन्ही वेळ पोटभर खातो. मलाच जेवण जात नाही.