माळ्यावरची शीतनिद्रा

८ जानेवारी
सोमवारी दहा वाजता लेकीच्या वर्गात माझं भाषण. विषय : वन्यप्राणी हिवाळा कसा काढतात. माझं नाव तिनेच दिलं. बाबांना सगळं येतं, असं बाईंना सांगून आली. खरंच आहे. ऑफिसात एकाच्या निरोपाला बोलताना मला दुसऱ्या वाक्याला घाम फुटला होता, पण तो पंख्याचा दोष.

९ जानेवारी
वाचून बोलणारे पैशाला पासरी. मी अनुभवातून बोलणार! स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर सोमवारपर्यंत शीतनिद्रा. अस्वल महिनोन्‌महिने न खाता पडून राहतं. मी सोबत बिस्किटं आणि शेंगदाणे घेतले, कारण खारीचाही अभ्यास हवा.
आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलीत, तोंडी कारभार आपल्याला चालत नाही. बायकोला लेखी सूचना दिली : 'शिडी फक्त सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री आठला लावावी. प्राणी मध्येच उठून काहीही बोलल्यास दुर्लक्ष करावे.' खाली सही, तारीख.

११ जानेवारी, दुपार
डावीकडे ट्रंक, उजवीकडे शिलाई मशीन. कूस बदलता येत नाही. खारी पुरलेले दाणे विसरतात म्हणे. माझे परवाच संपले, त्यामुळे विसरायचा प्रश्न आला नाही.
लेक खालून लायब्ररीचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. वटवाघळं गुहेत लटकून झोपतात, कोल्ह्याची लव दाट होते, पक्षी उबेच्या देशी जातात. ढोबळ माहिती. भाषण झालं का, म्हणून तिने तीनदा विचारलं. पाठ आहे म्हटलं. अस्वल झोपतं, इथपर्यंत आहेच.

१२ जानेवारी, सकाळी ९.१०
शिडी मागितली. बायकोने सूचना वर धरून दाखवली. पुढची शिडी दोनला. सही माझीच. स्वतःच्याच कागदाने कोंडला गेलोय!

९.२५
पुन्हा ओरडलो. जरा हळू.

११.००
घरात कोणी नाही. माझ्या लेकीचं नाक कापलं बायकोने.

दुपारी १.३०
दोघी आल्या. लेक स्वतःच बोलली. बाबा शीतनिद्रेत आहेत, त्यांना उठवायचं नसतं, अशी सुरुवात केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वरूनच बायकोला सुनावलं : शिडी असती तर मैदान मारलं असतं. लेक म्हणाली, शिडी मी लावली होती बाबा, साडेनऊला. तू बघितलंस आणि पांघरूण डोक्यावर घेतलंस.

२.००
शिडी लागली आहे. लेक ती धरून उभी आहे. ये खाली म्हणतेय, कोणी बोलायला सांगणार नाही.
उतरायची लाज वाटते.