स्टँडचा स्क्रू

४ जानेवारी

डोकं उठलंय! नात कॅमेरा घेऊन दुकानात आली. ठकी म्हणतो मी तिला. कॉलेजात व्हिडिओ करायला शिकते म्हणे. तेही शिकवतात आता! पहिला गृहपाठ काय, तर एका माणसाचं काम वेगवेगळ्या शॉटमध्ये दाखवा. माणूस कोण? आजोबा. फुकटात मिळतो ना!

तीन तंगड्यांचा स्टँड दुकानात मधोमध. गिऱ्हाईक अडखळलं. म्हटलं, "अगं, दाढीचं दुकान आहे की सर्कस?"

"आबा, आधी लाँग शॉट. सगळं दुकान दिसायला हवं." मग लांबचा म्हण की! "मग मिड, कमरेपासून वर. मग क्लोजअप, नुसता हात." अर्धा माणूस म्हणजे मिड, तुकडा म्हणजे क्लोजअप. एवढ्यासाठी कॉलेज! आणि चित्रात डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडायची, तिला हेडरूम म्हणतात. म्हटलं, आमचा जन्म गेला डोक्यावरचं कमी करण्यात, आणि तू वर जागा सोडत बस!

थोरला खो खो हसला. त्याच्यावर वेगळाच राग आहे. शेजारच्या खुर्चीवर काम करतो आणि हल्ली एकच टुमणं — "बाबा, दाढ्या मी करतो, तुम्ही गल्ल्यावर बसा." का? तर मास्तरांच्या कानाखाली जरासं कापलं. जरासं! पातं खराब होतं. मास्तर स्वतः चकार शब्द बोलले नाहीत. शाळा सुटली तरी रुबाब तोच, पण दाढीला माझ्याशिवाय दुसऱ्याचा हात लावून घेत नाहीत. माझ्या हाताखाली डोळे मिटून पडतात, घोरायचे तेवढे बाकी! थोरल्याला असं गिऱ्हाईक जन्मात मिळायचं नाही.

गल्ल्यावर मी? मेलो की बसवा.

५ जानेवारी

पेन भिकार. काय हे अक्षर! दुसरं घेतलं, तेही तसलंच. घरात शिव्या देता येत नाहीत म्हणून इथे लिहायला बसतो, तर पेनही उलटलं.

७ जानेवारी

आज आरशांनी छळलं. कॅमेरा कुठेही ठेवा, आरशात ठकी, कॅमेरा आणि तीन तंगड्या हजर! शेवटी आरशावर चादर टाकली. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, मला माझं तोंड तर दिसू द्या." म्हटलं, बघण्यासारखं काही नाही, बसा.

स्टँडवर कॅमेऱ्याची मान डावीकडून उजवीकडे फिरवली की पॅन. वरून खाली नेली की टिल्ट. माणूस नाही म्हणताना आणि हो म्हणताना जे करतो, त्यालाही नावं ठेवलीत!

मग मास्तर आले. मिड शॉटमध्ये मी आणि ते, दोघं मावलो. मग क्लोजअप. माझा हात, वस्तरा, मास्तरांचा गाल. सुरू केलं तोच "कट!" परत सुरू. परत "कट!" मास्तरांच्या गालावरचा फेस वाळला.

"आता काय झालं?"

ठकी तोंडातल्या तोंडात — "आबा, स्टँडचा स्क्रू ढिला आहे. चित्र हलतंय. माझीच चूक."

भडकलोच. सगळ्यांसमोर बोललो. हत्यार आधी तपासायचं, मग गिऱ्हाईकाला बसवायचं! धांदरट कुठली! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर म्हणाले, "असू दे रे, पोरगी शिकतेय." म्हटलं, तुम्ही तोंड मिटा, वस्तरा हातात आहे.

ती चहा सांगायला गेली तेव्हा स्क्रू बघितला. ढिला नव्हता. तरी आणखी आवळून ठेवला.

८ जानेवारी

परत मास्तरांना बोलावलं, परत हललं म्हणे! स्क्रू मी स्वतः आवळलेला! तर म्हणते, "रस्त्यावरच्या ट्रकने जमीन हादरली, आबा." कुठला ट्रक? समोरून एक सायकल गेली तेवढीच. मी थोरल्याकडे बघितलं. तो फणी पुसत होता. केव्हापासून तीच एक फणी!

११ जानेवारी

सूनबाईकडून कळलं. ठकीने क्लोजअप दिलाच नाही. तिचे सर भर वर्गात बोलले — साधा स्टँड लावता येत नाही, तर कॅमेरा कशाला मागतेस? क्लोजअप आणल्याशिवाय पुढे कॅमेरा मिळणार नाही. पोरगी न जेवता बसलीय.

रक्त उसळलं. मी बोललो ते वेगळं, मी आजा आहे. हा कोण लागून गेला? स्क्रू माझ्या हाताने आवळलाय म्हणून सांगतो त्याला! पण रिकाम्या हाताने जाऊन काय भांडणार? ठकीला म्हटलं, ते हललेलं दाखव मला.

"पुसून टाकलं, आबा."

खोटं बोलली की नाकाचा शेंडा लाल होतो तिचा. लहानपणापासून. म्हटलं, उद्या टीव्हीवर लाव, सगळ्यांसमोर.

१२ जानेवारी

लावलं.

मागे फळीवर पाणी मारायची बाटली. ती हलत नाही. खुर्चीची कड हलत नाही. मास्तरांचा कान हलत नाही.

वस्तरा हलतोय.

कॅमेरा हलला असता तर बाटलीही हलली असती. पाचवीत शाळा सोडलेल्यालाही कळतं तेवढं.

"आबा, तो स्क्रू —"

"गप!"

मग मिड शॉट आला. ओरडलो, थांबव. मास्तरांचे डोळे. मिटलेले नाहीत, आवळलेले! नाकापर्यंत सुरकुत्या. आणि अंगावरच्या कापडाखाली मूठ. मी वस्तरा टेकवला की मूठ वळते, कापड गोळा होतं. उचलला की सुटते. परत वळते.

घोरायचे बाकी म्हणे!

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! नातीला, थोरल्याला, सूनबाईला, त्या मास्तराला! एकाच्याही तोंडात जीभ नव्हती? थोरल्याला धरला.

"सांगत होतो की बाबा, गल्ल्यावर बसा."

"हे सांगणं झालं? हात थरथरतो म्हणून सांगायचं!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मोठा शहाणा!

उद्या गळ्यावर चालला असता तो वस्तरा. तेव्हाही ट्रकच गेला असता का रस्त्यावरून? मला सांभाळतात म्हणे. मास्तरांना कोण सांभाळणार होतं?

आत्ता पेन फेकलं. मग वाकून उचललं. पेनाचा काय दोष.

१३ जानेवारी

ठकीला म्हटलं, तोच क्लोजअप दे सरांना. सांग, स्टँड चांगला होता, आजाचा हात हलतो.

"नको आबा. सगळा वर्ग बघेल."

"बघू दे. जवळून दिसावं म्हणूनच काढतात ना तो?"

रडायला लागली. मला असलं जमत नाही. म्हटलं, माझं नाक राहावं म्हणून स्वतःचं कापून घ्यायला कोणी सांगितलं होतं तुला? पुन्हा असं केलंस तर तंगडी मोडीन.

"माझी?"

"स्टँडची!"

हसली एकदाची. जेवलीही.

१५ जानेवारी

मास्तर आले. खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे आवळले. मी थोरल्याला खुणावलं.

वस्तरा गालावरून एकदा फिरला तसा मास्तरांनी एक डोळा उघडला. आरशात मला शोधलं. मी गल्ल्यावर. दुसरीकडे बघितलं.

कापड सपाट होतं. थोड्या वेळाने मास्तर घोरायला लागले.