महामार्गाच्या यादीतली आई

लिंझ, ९ सप्टेंबर २०१३

ती. देसांकाताईस,
सा. न. वि. वि.

अकरा वर्षांनी लिहितोय. खुशाली विचारायचा हक्क मी कधीच घालवलाय, तरी विचारतो. कशी आहेस?

काल रस्त्याच्या कचेरीचा कागद आला. माझा पत्ता त्यांनी कुठून काढला देव जाणे. सीमेकडे जाणारा नवा महामार्ग सुहोदोलच्या दफनभूमीवरून जाणार, म्हणून थडगी हलवायची आहेत आणि वारस म्हणून माझी सही हवी आहे. खाली यादी जोडलीय. सदतीस क्रमांकापुढे दोन नावं आहेत, ग्लिगोरिये आणि पेर्सिदा. बाबा आणि आई.

आई कधी गेली, ताई? मला का नाही कळवलंस? रागानं विचारत नाही. बाबा गेल्याचं तू कळवलंस तेव्हा मी उलट टपाली ‘कळलं’ एवढा एकच शब्द लिहिला होता. त्यानंतर पुन्हा कळवावंसं वाटलं नसेल, तर तुझं काही चुकलं नाही.

कागद मी जिन्यात उभ्या उभ्या वाचला. मग वर आलो, कपडे धुवायला टाकले, बटाटे उकडले, जेवलो. रडू आलं नाही. आज कामावर शेजारचा सांगत होता की ट्रामचं एकच चाक मी तीनदा तपासलं. बस, एवढंच.

बारा ऑक्टोबरला थडगी उघडणार असं लिहिलंय. मी चार दिवसांची रजा घेतलीय. आईची हाडं मी धुईन, आपल्याकडे मुलानं लाल वाइननं धुवायची असतात तशी. बाबांची कुणी का धुवेना. त्यांना मी हात लावणार नाही.

शेवटी ती माझ्याबद्दल काही बोलली होती का, तेवढं मात्र लिही.

लोभ कुठल्या तोंडानं मागू? उत्तर मात्र दे.

तुझा भाऊ,
विटोमिर


सुहोदोल, १८ सप्टेंबर

चि. विटोमिर यास,
अनेक आशीर्वाद.

आधी खाली बस. आई जिवंत आहे. आत्ता ओसरीवर बसून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढतेय, आणि मी चुलीत लाकूड फार घालते म्हणून माझा उद्धार चाललाय.

झालं असं, की बाबा गेले तेव्हा तिनं दोघांचा मिळून एकच दगड घडवून घेतला, इथं सगळेच घेतात तसा. दोघांचे फोटो, दोघांची नावं, तिच्या जन्मसालापुढे एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. कचेरीचा मोजणीदार आला, त्यानं दगड वाचला आणि दोन माणसं पुरलेली आहेत असं लिहून मोकळा झाला. रेघेपुढे काही नाही, हे बघायला सवड कुणाला आहे?

तुझ्यासारखाच एक कागद आम्हालाही आला. मी आईला घेऊन पिरोतला कचेरीत गेले. तिथल्या बाई तिला बघून इतक्या ओशाळल्या, की त्यांनी आधी खुर्ची दिली आणि मग फॉर्म दिला. आईनं फॉर्म हातात धरून विचारलं, नाव काढलं तर नव्या दफनभूमीत माझी जागा कुठे? बाई म्हणाल्या, जागा यादीतल्यांनाच, बाकीच्यांना पुढे जशी पाळी येईल तशी, कुंपणालगत. आईनं फॉर्मची घडी करून परत दिली. म्हणाली, मग मला मेलेलीच राहू द्या, नवऱ्याचा शेजार सुटायला नको. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आपण काही ऐकलंच नाही असं म्हणाल्या. आता गावभर हसू झालंय. शेजारची रादोयका रोज सकाळी कुंपणावरून विचारते, पेर्सिदाकाकू, वर हवा कशी आहे? आई सांगते, धूळ नाही एवढं नक्की.

धुळीचं विचारूच नकोस. दुपारी दोनला डोंगरात सुरुंग लावतात, मग तासभर कपडे वाळत घालायची सोय नाही. सगळे आनंदात आहेत म्हणे, सीमा आता वीस मिनिटांवर येणार. सीमेवर कुणाचं एवढं काय अडलंय?

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, त्याला काही कळवू नकोस, मेलेय म्हणून येतोय तर येऊ दे. तीन दिवस मी गप्प बसले. पण तू तिकडे बटाटे उकडून जेवतोयस आणि एकच चाक पुन:पुन्हा बघतोयस, हे काही डोळ्यांसमोरून जाईना. मला नाही जमत असलं.

तर रजा आहेच, ये. ती एक्क्याऐंशीची आहे. जिवंत माणसाला भेटायला गेलास म्हणून कुणी दिलेली रजा परत घेत नाही.

माझा लोभ आहेच, तो काही अकरा वर्षांत आटत नाही.

तुझी ताई,
देसांका


लिंझ, २७ सप्टेंबर

ती. देसांकाताईस,
सा. न. वि. वि.

आई आहे हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. नेहमीप्रमाणेच फार खोलवर नाही, पण वाटलं.

रजा मी परत दिली. कामावर एकाची बायको बाळंत व्हायचीय, त्याला ते दिवस हवे होते. सही करून कागद कचेरीला पाठवलाय, तेव्हा माझ्यामुळे काही अडणार नाही.

तू चिडशील, म्हणून सरळ सांगतो. बारा तारखेला आता फक्त बाबांना बाहेर काढणार. एक्क्याण्णव साली युद्धावरची सक्तीची भरती चुकवायला मी माळ्यावर गवतात लपलो होतो आणि लष्करी पोलीस दारात होते, तेव्हा शिडीखाली उभं राहून ‘मी सांगितलं’ असं मला स्वत:च्या तोंडानं म्हणणारा माणूस तो. नंतरचे चार महिने मी कुठे होतो आणि काय काय बघितलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. पहिली सुट्टी मिळाली तेव्हा घरी न येता जुन्या रस्त्यानं चालत सीमा ओलांडली, तो इथं पोचलो. त्या माणसाच्या हाडांवर मी वाइन ओतायची? मला राग उरलाय असंही नाही गं. नुसतं होत नाही माझ्याच्यानं.

आणखी एक, हे आईला वाचून दाखवू नकोस. ते सोळा दिवस आई नाही असं समजून मी जगलो, तेव्हा मला हलकं वाटत होतं. आपली वाट बघणारं आता कुणी नाही, आपण कुणाला टाळत नाही, असं. तुझं पत्र आलं आणि ते ओझं परत खांद्यावर चढलं. माणूस असा कसा होतो, कळत नाही.

आईला भेटायला येईनच. दोन वर्षांत महामार्ग होईल म्हणतात, मग गाडीनं येईन.

लोभ ठेवलास तर ठेव, नाही ठेवलास तरी कारण मला ठाऊक आहे.

विटोमिर


सुहोदोल, १४ ऑक्टोबर

चि. विटोमिर यास,
आशीर्वाद.

बाबांना हलवलं. सकाळी आठला सुरू झालं, दहाला संपलं. हाडं होती, बुटांचे तळवे होते, कंबरपट्ट्याचं बक्कल होतं. दुसऱ्या बाजूला काहीच नाही बघून खोदणाऱ्यांनी मुकादमाकडे बघितलं, मुकादमानं आईकडे. आई म्हणाली, खणा खणा, मी इथंच आहे. एकजणही हसला नाही.

मुलगा नाही म्हटल्यावर पाद्रीबाबा माझ्याकडे बघायला लागले. आईनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि स्वत:च धुतलं सगळं, एकेक. कवटी तिनं बराच वेळ धरून ठेवली. मेलेल्यांच्या नावानं वाटायचे गहू मी शिजवून नेले होते, ते वाटले. घरी आल्यावर मला काहीच वाटत नव्हतं. मी फरशी पुसली.

तुझं पत्र आईनं वाचलंय. मी दाखवलं नव्हतं, माझ्या एप्रनच्या खिशातून काढलंन. काल तिनं कागद मागितला. तिचं पाकीट तिनंच चिकटवलंय, आत काय आहे मला माहीत नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. सोबत पाठवतेय.

रागावले आहे. तरी थंडी सुरू झालीय, गळा जप.

ताई


चि. विटो,
खूप खूप आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, लावून घे.

तुला हलकं वाटलं हे वाचलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बाळा. तुझे बाबा गेले तेव्हा मलाही वाटलं होतं, आणि त्याचं कारण तुला सांगायचं राहिलंय. जिवंतपणी सांगायचं धाडस झालं नाही. आता सरकारदरबारी मेलेच आहे, तर सांगून टाकते.

पोलीस आले तेव्हा बाबा गोठ्यात होते. स्वयंपाकघरात मी एकटी होते. दोघं होते, फार अदबीनं बोलले. त्यातला एक मला आई म्हणाला. पाणी मागितलं, मी दिलं. मग विचारलं, मुलगा कुठाय? मी तोंडानं एक अक्षर बोलले नाही रे. पण माझे डोळे शिडीकडे गेले. त्यानं ते बघितलं आणि पेला खाली ठेवला.

बाबा दारात आले तेव्हा त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच सगळं कळलं. ते पुढे झाले आणि शिडीखाली उभं राहून तुला म्हणाले, मी सांगितलं. नंतर मी त्यांना विचारलं, असं का केलंत? म्हणाले, पोरगं बापावर राग धरून जगेल, आईवर धरला तर त्याला परतायला घर राहणार नाही. दर ईस्टरला मी म्हणायची, आता त्याला लिहिते. दर वेळी ते म्हणायचे, थांब, तो येऊ दे, समोर बसला की सांगू. तू आला नाहीस आणि ते गेले. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, की आता हे ठाऊक असणारी मी एकटीच. त्यांना पुरताना मी आधी रडले ती असं सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

परवा त्यांची हाडं धुताना त्यांना सांगितलं, पोरगा आला नाही, पण त्याचं काही चुकलं नाही, चूक माझी आहे. एवढं बोलले आणि पुढचं धुवायला घेतलं.

माफी मागत नाही. मागून तुझे ते चार महिने परत येत नाहीत. माझ्यावर राग धरायचा तर आता खुशाल धर, घर असंही आहेच, त्याला कुलूप नसतं.

पण कधी आलास, मी असताना किंवा नसताना, तर फाट्यावरून आधी नव्या दफनभूमीत वळ. तिथं थोडी वाइन ओत, थोडा वेळ उभा राहा. दगडावर नावं दोन असली तरी तू त्यांच्या बाजूला उभा राहा. मी घरात आहे की तिथंच आहे, याची चौकशी मागाहून कर.

तुझ्यावरची माया होती तशीच आहे, ती घेतलीस तर घे.

तुझी,
आई