आठ वाजताची शांतता

भिवंडी, बुधवार

प्रिय सालेहा,

शनिवार, १२ ऑगस्ट १९९५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, ठाण्याच्या डॉक्टरबाईंच्या खोलीत, त्यांच्या आणि तुझ्या अब्बांच्या देखत, तू माझा, अब्बांच्या थोरल्या बहिणीचा, अपमान केलास. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला सांगायच्या, तक्रार करायची तर लेखी करा, तारीख घाला, वेळ घाला, नाहीतर ते नुसतं रडगाणं. म्हणून ही लेखी तक्रार. एका घरात राहून, मध्ये फक्त एक भिंत असताना पत्र कशाला, असं तुझी अम्मी विचारते. कारण चार दिवस मी तुझ्याशी बोलत नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल, तर आता आणून देते. तू तर मजेत शिट्टी वाजवत कॅरम खेळतेस.

तीन वर्षं तुझ्या गोळ्या माझ्याकडे आहेत. बाराव्या वर्षी तू तीन दिवस झोपली नव्हतीस. तुझ्या अम्मीची, सफियाची, निम्मी भांडी तू खालच्या कारागिरांना वाटून टाकलीस आणि गच्चीवर उभं राहून अख्ख्या मोहल्ल्याला भाषण दिलंस. भाषण चांगलं होतं, उच्चार सुधारायला हवे होते. मग सहा आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलीस आणि केसांना तेलसुद्धा लावू दिलं नाहीस. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं वयच तसं आहे. धामणकर नाक्यावरच्या एका शहाण्याने लग्न सुचवलं. त्याला मी काय म्हणाले, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं, की मनाचा चढउतार हाताबाहेर जाण्याचा हा आजार आहे, त्यावर लिथियम आहे, ते रोज ठरल्या वेळी घ्यायचं आणि रक्त तपासत राहायचं. घरात इंग्रजी कागद वाचणारी मी एकटी. म्हणून डबी माझ्या कपाटात आली आणि किल्ली माझ्या कमरेला.

वेळ ठरली संध्याकाळी आठची. आधी अलार्मचं घड्याळ होतं, ते या जानेवारीत कायमचं बंद पडलं. अजानवर वेळ ठेवावी, तर ती सूर्याबरोबर मागेपुढे सरकते, आणि डॉक्टरबाईंचे आठ सरकत नाहीत. तेव्हा मला माझी ती युक्ती सुचली. आपल्या घराखाली तुझ्या अब्बांचे, हारूनचे, सोळा लूम दिवसरात्र कापड विणतात. आठ वाजता दिवसाची शिफ्ट सुटते, दुसरी बसते, आणि मध्ये पाच मिनिटं खटखट थांबते. इतकी शांतता होते की मांडणीवरची भांडीसुद्धा दचकत असतील. ती झाली की मी उठायचे. दोन गोळ्या, मोठा पेला पाणी, आणि “जीभ दाखव.” आल्यागेल्याला मी ऐकवायचे, माणूस विसरेल, घड्याळ विसरेल, हारूनची शिफ्ट विसरणार नाही. किती वेळा ऐकवलं ते आठवलं की आता कान तापतात.

तुझं रक्त नेहमी शनिवारी सकाळी घेतात, कारण डॉक्टरबाई शनिवारी बसतात. मार्चमध्ये औषधाचं प्रमाण कमी निघालं. मेमध्ये कमी. जूनमध्ये तू पुन्हा भरभर बोलायला लागलीस, एका दिवसात चार वह्या भरल्यास, आणि सफियाने भांडी मोजून कुलपात ठेवली. जुलैमध्ये रक्त पुन्हा तेच सांगत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन आठवडे पाहू, नाहीतर एक गोळी वाढवू. तुझं तोंड पडलं ते मी पाहिलं. पहिल्या वर्षी डोस जास्त झाला होता तेव्हा तुझ्या हाताला कंप सुटला होता, कप बशीत वाजायचा. तेव्हा तू कॅरम खेळत नव्हतीस. आता कल्याणच्या जिल्हा स्पर्धेला महिना उरला आहे, आणि थरथरत्या बोटाने राणी घेता येत नाही, एवढं मलाही कळतं.

मी तपास सुरू केला. एकतीस वर्षं मुलींना शिकवलंय, थुंकलेली गोळी कुठे जाते ते मला ठाऊक आहे. तुझ्या गादीखाली पाहिलं, गुलाबाची कुंडी उकरली, कॅरमच्या पावडरचा डबा चाळून घेतला, लोणच्याच्या बरणीतही हात घातला. काही सापडलं नाही, यावरून मी तू फारच हुशार असल्याचा निष्कर्ष काढला. आणि गंमत म्हणजे पुरावा माझ्याच कपाटात होता. दर महिन्याला आठ-दहा गोळ्या उरायच्या. मी सफियाला म्हणाले, बघ, माझ्या हाताला बरकत आहे!

मग ती शनिवारची सकाळ. डॉक्टरबाई नवा डोस लिहायला वाकल्या, आणि लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, “सातही दिवस घेतेस ना गं?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान ताठ केली. आणि तू म्हणालीस, “फुफू, शुक्रवारी लूम बंद असतात.”

फुफू सोडून चार शब्द. मला वाटलं, खोलीतलीही शिफ्ट सुटली.

“म्हणजे शुक्रवारी गोळी नाही?” डॉक्टरबाई.

“नाही. मला वाटायचं, तुम्हीच सुट्टी दिली आहे. भिवंडीत सगळ्यांनाच असते.”

हारून आधी फुटला. डोळे पुसत म्हणाला, “आपा, कारागिरांना सुट्टी, मालकाला सुट्टी, मग गोळीनेच काय गुन्हा केलाय!” डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, शनिवारचं रक्त शुक्रवारच्या चुकलेल्या गोळ्यांमुळेच कमी दाखवतं, गोळी वाढवायची नाही. आजपासून ओळीने सात दिवस आहे तोच डोस, मग पुढच्या शनिवारी रक्त. मला हसू आलं नाही. हे खोटं आहे. जिना उतरताना आलं, पण मी तोंडाला पदर लावला होता. तेव्हापासून चार संध्याकाळी मी न बोलता गोळ्या देते आहे. “जीभ दाखव” हेसुद्धा म्हटलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आता खरी तक्रार. शनिवार, २२ जुलै १९९५, दुपारी दीड वाजता, दस्तरखानावर जेवताना, निवृत्त शिक्षिका माजिदा हिने आपल्या भाचीला तिच्या अम्मी-अब्बांसमोर गोळ्या थुंकणारी खोटारडी म्हटलं. भाची रडली नाही, ताटावरून उठली नाही. तिने घास गिळला आणि न सांगता तोंड उघडून जीभ दाखवली. ती जीभ मला चार दिवस सारखी दिसते आहे. एकतीस वर्षांत मी एकाही मुलीची माफी मागितलेली नाही. तोंडाने कशी मागतात ते मला येत नाही, म्हणून लेखी मागते. सोबत किल्ली आहे. यापुढे डबी तू उघडायची, गोळ्या तू काढायच्या. मी शेजारी उभी राहून पाणी देईन. गोळ्यांकडे बघेन, जिभेकडे नाही. हे तुला मान्य आहे का, मला माफ केलंस का, आणि कल्याणला मला पहिल्या रांगेत बसवणार का, या तिन्हींचं उत्तर मला शुक्रवार, १८ ऑगस्ट, संध्याकाळी आठच्या आत हवं. लेखी, तारीख आणि वेळ घालून. उत्तर माझ्या हातात आणून दे आणि मला उठव. त्या दिवशी लूम बंद असतात.

तुझीच,
माजिदा फुफू