मधल्या नऊ ओळी

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच. चहा ठेवला असशील तर आधी गॅस बंद कर, कारण मला फाटे फोडत सांगायची सवय आहे आणि तुला मध्येच उठायची. जीव जागेवर आहे, एवढं आधीच सांगून टाकतो. पायाचं काय झालं ते शेवटी सांगेन. लगेच खाली बघू नकोस. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान तू आधी वाचायचीस, हे मी विसरलेलो नाही. इथून फोन लागतो. तरी लिहितोय. फोनवर तू 'कसा आहेस' विचारलंस की माझ्या तोंडून 'मस्त' निघून जातं, आणि मग त्या 'मस्त'ला जागत बसावं लागतं.

त्या दिवशी आमच्याकडून तुला नुसते तुटक संदेश येत होते, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. वादळात जहाजाची उपग्रहाशी बोलणारी मोठी डिश मोडली. इलेक्ट्रिशियन मीच, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, पण जे तुकडे समुद्रात गेले ते मी कुठून आणणार? उरलं ते तळहाताएवढं एक यंत्र. त्यावरून फक्त अक्षरं आणि आकडे जातात, तेही थोडे थोडे. फोटो नाही, आवाज नाही. आणि नेमकं तेव्हाच पायाचं प्रकरण चिघळलं. बोटांच्या बेचक्यात साधी चीर पडली होती, ती पिकली आणि लाली वर चढायला लागली. कंपनीच्या डॉक्टरांनी कळवलं की लालीच्या कडेने जाड पेनाने रेघ मारा आणि दुपारी नव्या कडेवर दुसरी मारा. दोन्ही मारल्या. आता किती वाढलीय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा इकडून 'फार नाही' असं उत्तर गेलं. त्यावर ते म्हणाले, ज्याचा पाय असतो तो नेहमी कमीच सांगतो, मला फोटो हवा.

कप्तान वाईट माणूस नाही. पण मागचं बंदर दिवसभराच्या अंतरावर आणि पुढचं चार दिवसांवर, आणि भरलेलं जहाज उलटं फिरवायचं म्हणजे त्याला वर उत्तर द्यावं लागतं. तो म्हणाला, डॉक्टरने बघून सांगितलं तर या क्षणी फिरवतो, तुमच्या अंदाजावर नाही फिरवणार. रागाने नाही म्हणाला. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि आमच्यासारखाच त्या यंत्राकडे बघत बसला. त्या रेघा गुडघ्यापाशी पोचल्या तर पाय जाणार आणि त्याच्याही वर गेलं तर माणूस जाणार, हे केबिनमधल्या सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा मला आपला गोवर आठवला. खरं तर माझा गोवर, पण शिक्षा तुला झाली होती. मी आतल्या खोलीत कोंडलेला, तू बाहेर दाराला पाठ लावून बसलेली, दोघांकडे चौकटीच्या वह्या. तू दारातून ओरडायचीस, पांढरा, पांढरा, काळा, काळा, पांढरा, आणि मी एकेक घर भरत जायचो. ओळ संपली की तू दारावर टिचकी मारायचीस. आई म्हणायची, ही पोरं आजाराने नाही तर आरड्याओरड्याने मरतील. एकदा मांजर सांगता सांगता मला तापात डुलकी लागली, तू सांगतच राहिलीस, आणि जागा झाल्यावर मी पुढून भरत गेलो. दार उघडल्यावर तू चित्र बघितलंस तर मांजराला पोटच नाही, मानेला थेट शेपूट. तू आठवडाभर मला ओळी गिळणारा म्हणून चिडवत होतीस.

अगदी तसंच ठेवलेलं एक चित्र कॉम्प्युटरलाही चालतं, हे मला एका जुन्या मशीनची दुरुस्ती करताना कळलं होतं. आपण फोनवर काढतो ते फोटो दाबून दाबून भरलेल्या ट्रंकेसारखे असतात. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की झाकणच उघडत नाही. ही फाइल तशी नाही. ती नुसती लिहिलेली असते, कुणीही उघडून वाचावी. वर एक खूण, खाली दोन आकडे, किती घरं रुंद आणि किती ओळी उंच, आणि मग शून्य म्हणजे पांढरं, एक म्हणजे काळं. बस. कप्तानाच्या लॅपटॉपवर मी फोटो लहान लहान करत अठ्ठेचाळीस घरं रुंद आणि साठ ओळी उंच एवढ्यावर आणला. लाली पुसली गेली, पण पायाची कड, बोटं आणि त्या दोन रेघा राहिल्या. म्हटलं, डॉक्टरांना याहून जास्त काय हवं?

पहिल्या काही ओळी पाठवल्या, तर कंपनीच्या ऑफिसातून उत्तर आलं की तुमचं यंत्र बिघडलंय, नुसते शून्य आणि एक येताहेत. कप्तानाने कपाळाला हात लावला. मग मी तुझा नंबर घातला. एक्स-रे विभागात बसणारी बहीण आणि शेजारच्या खोलीत सर्जन, हे सोडून मी इतका वेळ दुसरीकडे का डोकं आपटत होतो, असं कप्तानाने विचारलं. तुला कळवलं ते एवढंच: आमच्या आचाऱ्याचा पाय सुजलाय, चित्र आकड्यांत पाठवतोय, गोवरासारखं. तू 'पाठव' म्हणालीस. का, कशाला, काही नाही. मला तेव्हा इतकं हायसं वाटलं की डोळ्यात पाणी आलं, हे आता सांगायला हरकत नाही.

मग स्क्रीनवरून बघून त्या बारक्या बटणांवर शून्य, शून्य, एक, असं सुरू झालं. एका संदेशात तीन ओळी. प्रत्येक संदेशाला यंत्र उघड्या आकाशाखाली न्यायचं, तो गेला की परत केबिनमध्ये आणायचं, पुढच्या तीन ओळी टाइप करायच्या. जहाज हलत होतं. आकडे डोळ्यांसमोर मुंग्यांसारखे फिरत होते. मधूनच तुझे प्रश्न यायचे. आचाऱ्याला साखर आहे का? मी लिहिलं, आहे. गोळ्या घेतो का? मी लिहिलं, घेतो, कधी विसरतो. घरात आणखी कुणाला होती? मी लिहिलं, वडिलांना. त्यानंतर तू बराच वेळ काही विचारलं नाहीस. मला वाटलं, तुझ्याकडे पेशंट आला असेल.

बाबांची आठवण तुला तेव्हा आली असणार. मला तर आलीच. टाचेची जखम मोज्यात लपवून ते महिनाभर हसत हिंडले. मोजा काढला तो तू, पट्ट्या बदलल्या त्या तू, पाय काढल्यावर ज्या रिकाम्या जागेला ते खाजवायला हात न्यायचे ती पांघरुणाखाली झाकलीस तीही तूच. मी तेव्हा समुद्रावर. सगळं संपल्यावर मी घरी आलो, त्या दिवशी तू रडली नाहीस. माझा दंड धरून म्हणालीस, बदक्या, तुला काही झालं तर मला शेवटी नको सांगूस, आधी सांग, तेवढं एकच कर माझ्यासाठी. माझ्या दंडावर तुझी बोटं उमटली होती.

शेवटच्या ओळींमागोमाग दोन रेघांचा अर्थ आणि जहाज मागे फिरवायचं का हा प्रश्नही कळवला, आणि आम्ही वाट बघत बसलो. तुझ्या सर्जनचं पहिलं म्हणणं आलं, ते कप्तानाने मोठ्याने वाचलं. दोन रेघा जवळजवळ आहेत, वाढ थांबलेली दिसते, गोळ्या चालू ठेवा. कप्तानाने सुस्कारा सोडला, टोपी उचलली, पुढचाच मार्ग धरायचा म्हणून तो वर निघालाही होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना तेच हवं होतं. तो दारात पोचला तेवढ्यात डेकवर नेलेलं यंत्र नवा संदेश घेऊन परत आलं. तू लिहिलं होतंस: जहाज पुढे नेऊ नका. वर साठ ओळी लिहिल्यात, माझ्याकडे एक्कावन्नच आहेत. इतका आखूड पाय माणसाचा नसतो. मधल्या ओळी गिळल्यास. दोन रेघा चिकटल्यात तिथून, म्हणजे नवव्या संदेशापासून पुन्हा पाठव.

कप्तान परत आला आणि उभाच राहिला. तीन संदेश गेलेच नव्हते. टाइप करणाऱ्याचा डोळा लागला होता आणि जाग आल्यावर तो खालच्याच ओळीवरून पुढे गेला होता. त्या नऊ ओळी नेमक्या दोन रेघांच्या मधल्या होत्या. सांधा असा बेमालूम बसला होता की पाय अख्खा दिसत होता, फक्त लाली किती वाढली तेवढंच त्यातून नाहीसं झालं होतं. त्या नऊ ओळी कप्तानाने स्वतः टाइप केल्या, एकेक आकडा बोट ठेवून, ओठ हलवत. त्या तुझ्यापर्यंत पोचल्या, आणि सर्जनचं उत्तर आलं ते एका शब्दाचं होतं, फिरवा. जहाज वळताना टेबलावरचा पेला सरकत गेला तो मला अजून दिसतो. त्याला धरायला कुणी हात पुढे केला नाही.

ताई, डेकवर धावत जाऊन संदेश सोडून येत होता तो आचारीच होता. दोन्ही पायांनी. बंकवर पडून टाइप करत होता तो मी, आणि पाय माझा. साखर दोन वर्षांपासून आहे. तुला कळली असती तर तू मला पुन्हा जहाजावर चढू दिलं नसतंस, म्हणून बोललो नाही, आणि त्या दिवशी तर तुझ्यासमोर पुन्हा बाबांचाच पाय ठेवायची हिंमत नव्हती. मला वाटलं, आचाऱ्याचा पाय म्हणून तू शांतपणे बघशील. जहाज वळल्यावर तुझ्याकडून आणखी एक संदेश आला, नुसते शून्य आणि एक, खाली एक शब्द नाही. मी तेव्हा शुद्धीत नव्हतो. आचाऱ्याने तो उतरवून घेतला, चौकटीच्या कागदावर पेन्सिलने घरं भरली आणि काल इथे दवाखान्यात माझ्या उशाशी आणून ठेवला. छोटंसं पाऊल आहे. अंगठ्याशेजारचं बोट एक घर उंच, बाबांचं होतं तसं, तुझं आहे तसं, माझंही. म्हणजे तू ओळखलं होतंस, आणि तरी सर्जनच्या शेजारी बसून ओळी मोजत राहिलीस. पाय वाचला आहे, गुडघा, घोटा, टाच, सगळं. ते बोट मात्र काढावं लागलं. आचाऱ्याकडून खोडरबर मागून घेतलं आणि तुझ्या चित्रातलं ते एक काळं घर आज सकाळी मीच पांढरं केलं, म्हणजे तू येशील तेव्हा तुला मोजत बसायला नको. डॉक्टर म्हणतात, पहिली पट्टी काढताना घरचं कुणी असलं तर बरं. मी कधी म्हटलं नाही, आज म्हणतो. ये.

तुझाच,
बदक्या