उस्ताद नावाचा कम्प्युटर

प्रिय बाबांना नमस्कार,

मी मजेत आहे. लिनक्स, म्हणजे कम्प्युटर चालवणारी प्रणाली, शिकायला जुना, स्वस्त कम्प्युटर मिळाला. सोमवारी ऑफिसात लिनक्सचीच परीक्षा आहे. पास झाले तरच नोकरी पक्की.

तुम्ही जुनी सायकल घेताना करता तसं आधी उघडून दाखवायला लावलं. दुकानदार म्हणाला, "ताई, वांगी निवडताय का?" घरी आणून आतली धूळ झटकली, मेमरीची पट्टी खोडरबरानं घासली, तेव्हा कुठे सुरू झाला.

लिनक्स बसवताना कम्प्युटरला नाव द्यावं लागतं. मी तुमचं सायकलच्या दुकानातलं दिलं, उस्ताद.

काल उस्ताद दोनदा मध्येच बंद पडला. सोमवारपर्यंत टिकेल ना? तेव्हापासून सारखा तुमचा खोकला आठवतोय. आईला विचारलं की ती विषय बदलते. बाबा, दवाखान्यात तपासून घ्या. आवाज आला की आधी उघडून बघावं, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमची पदवीधर भित्री भागूबाई